वीस सेकंद कशासाठी?

पुस्तकाचे परीक्षण लिहितात, नाटकाचे लिहितात. सूचनापत्रकाचे परीक्षण लिहिलेले आमच्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक शाळेबाहेर मुले जे 'विज्ञान' स्वतःच्या हाताने करतात, त्यातले बरेचसे अशा सूचनापत्रकांवर विसंबून असते. पाठ्यपुस्तकातील एखादी चूक शोधण्यासाठी समित्या बसतात, पण खोक्यातून निघालेल्या घडीच्या कागदाला कोणी प्रश्न विचारीत नाही. या लेखात आम्ही अशाच एका कागदाचे, नेमके सांगायचे तर त्याच्या शेवटच्या पानावरील पाच छोट्या चित्रांचे, परीक्षण करणार आहोत. कागद प्लास्टिकच्या विमानाच्या प्रतिकृतीबरोबर आलेला आहे. पाच चित्रांत जे सांगितले आहे ते प्रतिकृतीवर 'डिकॅल' कसे बसवायचे याविषयी आहे.

डिकॅल हा शब्द अपरिचित वाटला तरी वस्तू परिचयाची आहे. जुन्या काळ्या शिलाई यंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी आठवून पाहा. ती कोणी कारागिराने ब्रशने काढलेली नसे. कागदावर छापलेले चित्र ओले करून यंत्रावर सरकवत आणि त्यावर रोगण चढवत. चहाच्या कपावरील फुलेही बहुधा अशीच येतात, फक्त तेथे कप पुन्हा भट्टीत घालतात. चित्राला धरून ठेवणारा पापुद्रा जळून जातो आणि रंग चकाकीत वितळून पक्के होतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशी चित्रे घरातल्या वस्तूंवर चढवण्याचे वेडच लागले होते. 'उतरवून घेणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाला वेडाचा प्रत्यय जोडून 'डेकाल्कोमानी' असा शब्द झाला आणि त्याचे शेपूट तुटून 'डिकॅल' उरले.

डिकॅलची रचना थरांची आहे. सर्वांत खाली पाणी शोषणारा जाडसर कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा लेप, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्यावर छपाईची शाई. डिंक म्हणून बहुधा डेक्स्ट्रिन वापरतात, म्हणजे स्टार्चचे तुकडे केलेला पदार्थ. पारदर्शक पापुद्रा लॅकरचा असतो आणि त्याची जाडी काही थोड्या मायक्रॉनपासून दोन-तीन दशक मायक्रॉनपर्यंत असते. पाण्यात कागद भिजतो, डिंक फुगून सैल होतो आणि पापुद्रा चित्रासकट कागदावरून घसरतो. सारी युक्ती एवढीच.

आता कागदाची हकिगत. नववीत शिकणाऱ्या आमच्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून एक विमान आणले. पी-४० जातीचे, एकास बहात्तर प्रमाणाचे. हे प्रमाण इंग्रजी मापांतून आले आहे. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. खऱ्या पी-४० च्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटरहून थोडा अधिक, म्हणून प्रतिकृती सुमारे सोळा सेंटिमीटरची. डिसेंबर १९४१ ते जुलै १९४२ या काळात अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांनी ब्रह्मदेश आणि चीनच्या आकाशात ही विमाने उडवली. नाकावर शार्कचा उघडा जबडा आणि पंखांवर चीनच्या राष्ट्रवादी सरकारचा बारा किरणांचा पांढरा सूर्य, निळ्या वर्तुळात. विमानाचा रंग गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

भाच्याने पत्रकाबरहुकूम सर्व केले. पत्रक म्हणते त्या क्रमांकाचे मॅट, म्हणजे बिनचकाकीचे, रंग दिले. सुकू दिले. मग डिकॅलच्या तक्त्यातून सूर्य कापला, वाटीभर पाण्यात घड्याळ लावून वीस सेकंद ठेवला, डाव्या पंखावर सरकवला आणि मऊ कापडाने टिपला. संध्याकाळी तो विमान घेऊन आमच्याकडे आला. निळ्या वर्तुळाभोवती पारदर्शक पापुद्र्याची जी कड होती, ती हिरव्या रंगावर चांदीच्या वर्खासारखी चमकत होती. वर्तुळाच्या आतही पांढुरके डाग होते. चित्र रंगवल्यासारखे दिसायचे सोडून चिकटवल्यासारखे दिसत होते.

"मामा, पत्रकात आहे तसंच केलं," तो म्हणाला.

आमचा व्यवसाय पातळ थरांच्या संशोधनाचा. पृष्ठभागावर काय चिकटते आणि काय सुटते यावर आम्ही वर्षानुवर्षे काम केले आहे. तरी आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "घाई केलीस. नीट दाबलं नाहीस." त्याने आज्ञाधारकपणे कोमट पाण्याचे कापड घेऊन पुन्हा दाबले, जोर लावून दाबले, आणि सूर्याचा एक किरण कापडाबरोबर निघून आला. डाव्या पंखासाठी तक्त्यात दुसरा सूर्य नव्हता. उजव्या पंखाचा तेवढा शिल्लक होता. तो काही बोलला नाही. त्याने खोके बंद केले.

रात्री आम्ही तो पंख दहापट भिंगाखाली धरला. चांदीसारखे दिसणारे सर्व डाग म्हणजे पापुद्र्याखाली अडकलेली हवा होती. बोटाने कितीही दाबले असते तरी ती निघाली नसती. दोष मुलाच्या हाताचा नव्हता. तो पत्रकाचा होता आणि त्यानंतर आमचा.

पहिले चित्र कात्रीचे आहे, त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. दुसऱ्या चित्रात वाटी आहे आणि शेजारी '२० सेकंद'. हा आकडा आला कोठून? आम्ही तक्त्यातले निरुपयोगी आकडे आणि अक्षरे घेऊन तीन वाट्या मांडल्या. एका तक्त्यात बहुधा दोन किंवा अधिक विमानांची चिन्हे दिलेली असतात आणि बांधायचे विमान एकच असते, त्यामुळे प्रयोगाला माल भरपूर मिळतो. एका वाटीत शीतकपाटातले पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत हाताला सुखद वाटेल इतपत कोमट. कोमट पाण्यातला तुकडा बोटाखाली सरकू लागला तेव्हा शीतकपाटाच्या पाण्यातला जागचा हलतही नव्हता. यात आश्चर्य नाही. पाणी कागदात मुरण्याचा आणि डिंक फुगण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. शिवाय कागद किती जाड, डिंकाचा लेप किती, तक्ता किती जुना यांवरही. वीस सेकंद हा कोणा एकाच्या खोलीतला, एका पाण्यातला, एका तक्त्यावरचा अनुभव. तो पत्रकात नियम होऊन बसला आहे.

खरे तर येथे सेकंद मोजायचेच नसतात. तुकडा पाण्यात बुडवला की आधी त्याची गुंडाळी होते, कारण कागदाची उघडी बाजू पाणी पिऊन पसरते आणि पापुद्र्याची बाजू पसरत नाही. पाणी सर्वत्र मुरले की गुंडाळी उलगडू लागते. तेव्हा तुकडा बाहेर काढून टीपकागदावर ठेवावा आणि अधूनमधून पापुद्र्याला हलकेच ढकलून पाहावे. तो सरकला की वेळ झाली. पाण्यातच पडू दिला तर पापुद्रा सुटून तरंगतो खरा, पण डिंक वाटीत उरतो आणि चिकटायला काही राहत नाही. 'सरकेपर्यंत' हा एक शब्द 'वीस सेकंद' यापेक्षा लांब नाही, पण त्यात मुलाला काय पाहायचे ते कळते. आमच्या शाळांच्या प्रयोगवह्यांतही 'पाच मिनिटे तापवा' असेच असते, 'रंग जाईपर्यंत तापवा' असे क्वचित, हे आम्ही ओशाळून नमूद करतो.

वाटीतल्या पाण्याचा आणखी एक उपयोग आहे. त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून पाहावा. स्टार्चला आयोडीन निळे करते हे मुलांना ठाऊक असते. डेक्स्ट्रिनला ते बहुधा तांबूस किंवा जांभळट छटा देते, आणि स्टार्चचे तुकडे फारच लहान झाले असतील तर काहीच देत नाही. मात्र कागदालाही स्टार्चची खळ असू शकते. म्हणून शेजारी दुसऱ्या वाटीत त्याच तक्त्याच्या मागचा, डिंक पूर्ण धुतलेला कागद भिजवून तेथेही थेंब टाकावा. नाहीतर कागदाचा रंग डिंकाच्या नावे लिहिला जायचा.

तिसरे आणि चौथे चित्र, सरकवणे आणि जागेवर आणणे, उत्तम आहेत. पापुद्रा आधी सरकवून मग कागद ओढून घ्यायचा, की कागद स्थिर धरून पापुद्रा ढकलायचा, याचा गोंधळ चित्रकाराने एका बाणाने मिटवला आहे. शब्द एकही नाही. आमच्यापैकी कोणालाही हे दोन वाक्यांत इतके स्वच्छ सांगता आले नसते.

खरा दोष पाचव्या चित्रात आहे, आणि त्याहून जास्त, कोठेच न काढलेल्या चित्रात आहे.

मॅट रंग मॅट का दिसतो? त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म दृष्टीने खडबडीत असतो. त्यातले कण वर डोकावतात आणि प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. अशा पृष्ठभागावर डिकॅलचा पापुद्रा टाकणे म्हणजे खडीवर ताडपत्री अंथरणे. ताडपत्री उंच दगडांवर टेकते आणि खाली पोकळ्या राहतात. ओले असताना त्या पोकळ्यांत पाणी असते, म्हणून काहीच दिसत नाही. भाच्यानेही डिकॅल लावताना ते झकास दिसत होते असे सांगितले. पाणी सुकले की त्या जागी हवा येते. आता प्रकाशाचे गणित करू. पापुद्र्याचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. अशा सीमेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा किती भाग परावर्तित होतो? दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि वर्ग करायचा: ०.५ भागिले २.५, वर्ग ०.०४. म्हणजे चार टक्के. हवेच्या पोकळीमुळे पापुद्र्याची खालची बाजू आणि रंगाची वरची बाजू अशा दोन नव्या सीमा तयार होतात, म्हणजे सुमारे आठ टक्के. तिरप्या प्रकाशात हे प्रमाण आणखी वाढते. पापुद्र्याच्या आत ४२ अंशांहून अधिक तिरका जाणारा किरण हवेच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तनाने मागे फिरतो. एरवी असा किरण सपाट पापुद्र्यात बाहेरून शिरू शकत नाही, पण कडा, चुण्या आणि शाईचे कण प्रकाशाला तशा वाटा मिळवून देतात.

आठ टक्के थोडे वाटतात. पांढऱ्या कागदावर ते कोणाला दिसलेही नसते. परंतु गडद हिरवा रंग मुळातच आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी लहान हिस्सा परत पाठवतो. त्यात आठची भर म्हणजे ओसरीवरच्या अंधारात कंदील. प्रतिकृती बनवणारे याला 'चांदी पडणे' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतात आणि नाव समर्पक आहे.

वर्गात हे दाखवायला विमान लागत नाही. दुधी काचेच्या खडबडीत बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पट्टीचा गोंद खाचखळग्यांत शिरला की तेथे काच स्वच्छ होते आणि पलीकडचे अक्षर वाचता येते. जेथे पट्टी नीट बसली नाही तेथे पांढरे डाग राहतात. तेच हे डाग. चिकटपट्टीचा गोंद मऊ असतो म्हणून दाबल्यावर आत शिरतो. डिकॅलचा पापुद्रा तेवढा मऊ नसतो, म्हणून नुसत्या दाबाने भागत नाही.

यावरचा उपाय प्रतिकृतीकारांच्या जगात सर्वपरिचित आहे. मॅट रंगावर आधी पारदर्शक चकाकीचे वार्निश द्यायचे, म्हणजे खाचा भरून पृष्ठभाग काचेसारखा होतो. त्यावर डिकॅल लावायचे आणि शेवटी सर्वांवर मॅट वार्निश फिरवायचे, म्हणजे चकाकी जाऊन विमान पुन्हा विमानासारखे दिसते. आमच्या हातातल्या पत्रकात रंगांचे क्रमांक आहेत, ब्रश धुण्याची सूचना आहे, सर्व रंग मॅट निवडलेले आहेत, आणि या वार्निशचा उल्लेख नाही. म्हणजे जो मुलगा पत्रक काटेकोर पाळील त्याच्या विमानावर चांदी पडण्याची शक्यता अधिक. जो रंगाच्या बाबतीत बेफिकीर राहून चकचकीत रंग फासील त्याचे डिकॅल सुरेख बसेल. आज्ञापालनाला शिक्षा देणारे पत्रक यापेक्षा वेगळे कसे असते?

आता 'दाबा' या आज्ञेकडे. दाबण्याने पाणी बाहेर जाते हे खरे आणि तेवढ्यापुरते चित्र योग्य आहे. पण पापुद्र्याला खाली खेचण्याचे मुख्य काम बोट करीत नाही, पाणीच करते. दोन पृष्ठभागांमधील अरुंद फटीत पाणी असेल तर पृष्ठताणामुळे त्यातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन धरला आणि दोन्ही पृष्ठभाग पूर्ण ओले होतात असे मानले, तर दोन मायक्रॉनच्या फटीत ही घट सुमारे ७२ किलोपास्कल येते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन तृतीयांशाहून अधिक. एक चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलो वजन ठेवले तर सुमारे ५० किलोपास्कल दाब पडतो. सुकत जाणारे पाणी आपल्या बोटाइतक्याच जोराने, आणि बोटापेक्षा कितीतरी सारखेपणाने, पापुद्रा खाली ओढत असते. त्याला फक्त दोन गोष्टी लागतात: ओला होणारा पृष्ठभाग आणि वाकणारा पापुद्रा. बोटांच्या तेलाने पाण्याचे थेंब गोळा होत असतील तर पंख साबणाने धुवावा. पाण्यात द्रव साबणाचा एखादा थेंब टाकला तरी पाणी सर्वत्र पसरते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी असेल तर सुकल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात आणि त्यांनाही चांदी समजण्याची चूक होते. ते मात्र ओल्या फडक्याने निघतात.

पापुद्रा वाकण्याचा प्रश्न जाडीचा आहे. पातळ पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा एक अष्टमांश होतो. म्हणून पातळ डिकॅल चांगले बसते, आणि म्हणूनच हाताळताना ते दुमडून स्वतःलाच चिकटते. जाडीचे दुसरेही एक गणित मुलांकडून करून घ्यावे. वीस मायक्रॉनचा पापुद्रा बहात्तरपट मोठा केला तर १.४४ मिलिमीटर होतो. खऱ्या विमानावर कोणी दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा सूर्य ठोकला तर कसा दिसेल? डिकॅलची कड दिसते ती एवढ्यासाठी. अलीकडे काही तक्त्यांत डिकॅल बसून सुकल्यावर वरचा पारदर्शक पापुद्रा सोलून काढता येतो आणि मागे शाईच तेवढी उरते. ही सोय चांगली आहे, पण पत्रक न वाचता ओल्यातच सोलायला गेल्यास शाईही हातात येते.

शार्कच्या जबड्याला पत्रकात वेगळे चित्रच नाही, आणि हा भाग तर सर्वांत अवघड. पंख जवळजवळ सपाट असतो. धडाचा मधला भाग नळकांड्यासारखा, एकाच दिशेने वळलेला. त्यावर सपाट कागद सुरकुतीशिवाय गुंडाळता येतो. नाक मात्र दोन्ही दिशांनी वळलेले असते. अशा पृष्ठभागावर सपाट पापुद्रा न ताणता, न चुणता बसवता येत नाही. हे हस्तकौशल्याचे अपयश नसून भूमितीचा सिद्धान्त आहे. गाऊसने १८२७ साली तो मांडला. त्याच कारणाने संत्र्याची साल सपाट करायला गेल्यास फाटते आणि पृथ्वीचा नकाशा कागदावर काढताना ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीला येते. भूगोलाच्या शिक्षकांना आम्ही येथे गणिताच्या तासात निमंत्रण देतो. नाकावर डिकॅल बसवताना कडेला धारदार पात्याने बारीक चिरा द्याव्या लागतात, म्हणजे चुणी पडण्याऐवजी कडा एकमेकींवर चढतात. जाता जाता: खऱ्या विमानांवरचे ते जबडे हाताने रंगवलेले होते आणि प्रत्येक थोडा वेगळा होता. डिकॅल फाटल्यावर ब्रश हाती घेणारा मुलगा इतिहासाच्या अधिकच जवळ जातो.

चिरांशिवाय दुसरा मार्ग बाटलीतला आहे. डिकॅल बसवण्यासाठी दोन तऱ्हेची द्रावणे मिळतात. पहिले सौम्य असते. ते पृष्ठभाग ओला करते आणि पापुद्रा किंचित सैल करते; अशा काही द्रावणांत ॲसेटिक आम्ल असते आणि बाटली उघडताच व्हिनेगरचा वास येतो. दुसरे जोरकस. त्यातला द्रावक पापुद्र्याच्या बहुवारिकात शिरतो, रेणूंच्या साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि पापुद्रा ओल्या पापडासारखा लिबलिबीत होतो. मग तो नाकाच्या वळणावरही थोडा ताणून बसतो. याची गंमत अशी की द्रावण लावल्यावर मिनिटभरात डिकॅलवर भयंकर सुरकुत्या पडतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. द्रावक आत शिरल्याने पापुद्रा फुगतो, क्षेत्रफळ वाढते, जागा तेवढीच, सुरकुत्या पडणारच. द्रावक उडून गेला की पापुद्रा आकसतो आणि खालचा द्रव त्याला पृष्ठभागावर ओढून घेतो. या वेळात त्याला स्पर्श करायचा नाही. मूल नेमका याच वेळी घाबरून बोट लावते आणि चित्र फाटते. 'सुरकुत्या पडतील, थांबा' एवढे तीन शब्द बाटलीवर छापले तर कितीतरी डिकॅल वाचतील. पण बऱ्याच बाटल्यांवर घटकांची नावेसुद्धा ठळक नसतात. वापरणारेही ही द्रावणे एखाद्या वैद्याच्या गुप्त मात्रेसारखी एकमेकांना सुचवतात: याला अमुक लाव, त्याला तमुक. या परंपरागत ज्ञानाबद्दल आम्हाला आदर आहे, कारण ते चालते. मात्र का चालते हे कोणी विचारले नाही तर नव्या तक्त्यावर ते कधी चालणार नाही हेही कळत नाही. म्हणून द्रावण आधी नको असलेल्या आकड्यावर लावून पाहावे. जोरकस द्रावणात काही पापुद्रे विरघळूनच जातात. खोलीची खिडकी उघडी असावी, हे सांगायला नको.

पत्रकाच्या बाजूने बोलायचे तर, त्याला पाच-सहा भाषांच्या ग्राहकांना पुरायचे आहे, कागदाचा खर्च आहे, आणि गाऊसचा सिद्धान्त खोक्यात घालावा अशी आमचीही मागणी नाही. ५० सुटे भाग ज्या सहजतेने ते एका शब्दाशिवाय जोडायला शिकवते ते पाहून आम्हाला आमच्या शोधनिबंधांतील आकृत्यांची लाज वाटली. म्हणूनच शेवटची पट्टी खटकते. जोडणीच्या चित्रांत प्रत्येक भाग कोठून येतो आणि कोठे जातो हे दिसते; डिकॅलच्या चित्रांत फक्त आज्ञा दिसतात. घड्याळाऐवजी सरकणारा पापुद्रा काढला असता आणि सुरुवातीला वार्निशच्या ब्रशचे एक चित्र वाढवले असते, तर जागा एका टपाल तिकिटाएवढी लागली असती.

पुढच्या रविवारी आम्ही भाच्याकडे गेलो आणि त्याला भिंगातून डावा पंख दाखवला. "मी दाबलं नव्हतं म्हणून नाही ना?" त्याने पहिला प्रश्न विचारला. नाही म्हणालो, आणि आम्ही उगाच दाबायला लावले हेही सांगितले. मग उजव्या पंखावर चकाकीचे वार्निश दिले, दिवसभर सुकू दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने उरलेला सूर्य स्वतः बसवला. घड्याळ न लावता. डाव्या पंखावरच्या हवेच्या डागांना सुईने टोचून तेथे सौम्य द्रावण सोडले, तेव्हा निम्मे डाग गेले. शेवटी सर्व विमानावर मॅट वार्निश फिरवले. उजवीकडचा सूर्य रंगवल्यासारखा दिसू लागला. डावीकडच्या उरलेल्या चांदीवर वार्निशचा काही परिणाम झाला नाही, कारण हवा पापुद्र्याखाली होती आणि वार्निश वर.

गेलेला किरण पांढऱ्या रंगाने भरून देऊ का, असे आम्ही विचारले. त्याने नको म्हटले. विमान त्याच्या टेबलावर आहे, डाव्या पंखावर अकरा किरण आणि उजव्यावर बारा, आणि जो विचारील त्याला तो दोन्ही पंख दिव्याखाली तिरपे धरून दाखवतो.